आरसा तपासताना

आधी मी एक खोटी नदी केली.
अगदी पायापासून:
बर्फ किती, उतार किती,
दलदलीचं शेवाळ किती पाणी पिऊन बसतं,
सगळे आकडे माझ्याच हातचे.
मग त्यात थोडा गढूळपणा कालवला,
मोजणाऱ्याचा हात थरथरतो तेवढा,
गोठणीत काटा अडकतो तेवढा.
खरे आकडे एका फाइलीत कोंडले
आणि फाइलीचं नाव ठेवलं कुलूप.

तार्तूत तेव्हा साडेतीनलाच अंधार पडायचा.
उर्वे पलीकडच्या टेबलाशी, पायांत लोकरी मोजे.
कुलपात काय आहे, तिला माहीत नव्हतं,
माहीत नसायलाच हवं होतं.
तिच्याकडे फक्त मळके आकडे आणि तीन पद्धती.
प्रत्येकीनं सांगायचं: पाणी इथपासून इथपर्यंत,
शंभरात नव्वद वेळा.
आणि मी मोजायचं,
खरं पाणी त्या पट्ट्यात कितीदा सापडतं.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात.
बरोबर आहे.
पण आरसाच तपासायचा असेल
तर हातात कांकण लागतं,
आणि त्यावरचे टवके आधी पाठ असावे लागतात.

पहिली पद्धत घडाघडा बोलली.
केसाएवढा पट्टा, डौल केवढा!
शंभरात एकेचाळीस.
दुसरीनं आभाळाएवढी झोळी पसरली:
तळघर कोरडं राहील,
नाहीतर छपरावरून होडी जाईल.
शंभरात शंभर.
चुकली नाही ती. कामाचीही नाही.
तिसरी अडखळत, दमत,
रात्रभर मशीनचा पंखा घोंगावत होता,
सत्त्याऐंशी.
उर्वेनं आपला कॉफीचा कप माझ्या कपावर आपटला.

तिथंच थांबता आलं असतं मला.

पण सोमवारी मी नदी बदलली,
तिला न सांगता.
शेवाळाचं पिणं असं वळवलं
की तिच्या समीकरणात त्याला जागाच नव्हती.
तिसरी तशीच बोलली, त्याच आवाजात,
पट्टा तेवढाच, खात्री तेवढीच.
शंभरात तेवीस.

उर्वे बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
"म्हणजे आपल्या डोक्यातच जे आलं नाही
त्याची शंका तिला घेता येत नाही."
मी म्हटलं, कुणाला येते?

मार्चअखेर आम्ही सोमाच्या दलदलीत गेलो.
तिथली माणसं चार ऋतूंवर एक पाचवा मोजतात,
पाण्याचा.
काल्योच्या कोठाराच्या दारावर खिळे ठोकलेले,
एकेका पुराची खूण.
एक माझ्या खांद्याला लागत होता.
तो कुठल्या सालचा, यावरून
त्याचं आणि त्याच्या बहिणीचं बोलणं बंद आहे.

"यंदा कुठवर?" त्यानं विचारलं.
उर्वेनं पट्टा दाखवला,
या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत,
"शंभरात नव्वद..." आणि घुटमळली.
माझ्याकडे बघितलं तिनं,
जणू या नदीचीही फाइल
माझ्याच खिशात असणार.

नव्हती.
इतकी वर्षं सत्य लिहायचं आणि लपवायचं
हाच माझा पगार.
इथं मी नुसता थंडीनं बोटं चोळत उभा.

काल्योनं सगळं ऐकून घेतलं.
सरपण सगळ्यांत वरच्या खिळ्याच्याही वर रचलं,
होडी आणून दाराला बांधली.
बटाट्याची पोती मात्र खालीच.
"आणि हे?" उर्वेनं विचारलं.
"पाठ दुखते," तो म्हणाला.

मग आम्ही दोघांनी ती माळ्यावर चढवली.
अकरा.
बारावं जिन्यातच फाटलं,
आणि अंधार पडेपर्यंत
आम्ही बटाटे गोळा करत होतो.